पहिल्यांदाच युरोपला जाताय? आधी शहरं कमी करा

युरोपच्या पहिल्या ट्रिपचा प्लॅन कोणी दाखवला की मी सगळ्यात आधी मोजते ते हॉटेल किती वेळा बदलायचंय ते. बहुतेकांचा प्लॅन असा असतो, बारा दिवस आणि पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. नकाशावर सगळं जवळजवळ दिसतं म्हणून वाटतं होऊन जाईल, पण मुक्काम हलवायचा म्हणजे सकाळी बॅगा भरा, चेकआउट करा, स्टेशन गाठा, तीन-चार तास ट्रेन, उतरून परत हॉटेल शोधा आणि तिथे रूम मिळणार दुपारी दोन-तीनला, म्हणजे हातात उरते ती संध्याकाळ. सात शहरं केली की असे सहा दिवस गेलेच. म्हणून माझं ऐकाल तर दहा-बारा दिवसांत तीनच मुक्काम करा, फार तर चार, आणि एका ठिकाणी निदान तीन रात्री राहा.

यात काही हुकत नाही, कारण बरीच ठिकाणं सकाळी जाऊन रात्री परत येण्यासारखी आहेत. फ्लॉरेन्सला राहून पिसा आणि सिएना होतं, पॅरिसहून व्हर्साय होतं, ॲमस्टरडॅमहून हार्लेम आणि उट्रेख्त अर्ध्या तासाच्या आत आहेत, आणि स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला तळ टाकला की रिगी, पिलाटस, टिटलिस या डोंगरांपैकी जे हवं ते, तेही मोठी बॅग रूमवर ठेवून, हात हलवत. आणि एक, विमानाचं तिकीट जाताना एका शहराचं आणि परतीचं दुसऱ्या शहरातून असं काढा, बुकिंगच्या साइटवर मल्टि-सिटी म्हणून पर्याय असतो. पॅरिसला उतरून रोमहून परत निघालात तर उलटा प्रवास वाचतो. पुष्कळ जणांना हे माहीतच नसतं आणि शेवटचा अख्खा दिवस परत पहिल्या शहरात येण्यात जातो.

आता व्हिसा. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो आणि तो एकच व्हिसा २९ देशांत चालतो. यात स्वित्झर्लंड आणि नॉर्वे आहेत, जे युरोपियन युनियनमध्ये नाहीत, आणि आयर्लंड नाही, जो युनियनमध्ये आहे. ब्रिटन तर पूर्ण वेगळं, त्याचा व्हिसा वेगळा काढायचा. पॅरिसहून दोन दिवस लंडन करून परत युरोपात यायचं असेल तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा, सिंगल एंट्री असेल तर लंडनला गेलात की तो संपला, परत आत घेणार नाहीत. अर्ज करायचा तो जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे, दिवस सारखेच असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे. अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो असं ऐकून खोटा प्लॅन दाखवू नका प्लीज, एकदा नकार आला की त्याची नोंद राहते आणि पुढच्या अर्जाच्या वेळी ती दिसते.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात पण ४५ पर्यंत जाऊ शकतात, आणि उन्हाळ्याच्या सीझनला खरी अडचण असते ती अपॉइंटमेंट मिळण्याची, म्हणून मे-जूनला जायचं असेल तर जानेवारीतच तारखा बघायला लागा. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहान मुलांना काही नाही, आणि व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. ट्रॅव्हल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने व्हॅलिड हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. हॉटेलं मात्र अशीच बुक करा की कॅन्सल केली तर पैसे परत मिळतील.

व्हिसा हातात आला की स्टिकर नीट वाचा. त्यावर कधीपासून कधीपर्यंत ते असतं आणि खाली किती दिवस राहता येईल तेही असतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तारखा महिनाभराच्या असल्या तरी दिवस १५ लिहिले असतील तर पंधराच, आणि उतरल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस दोन्ही मोजतात. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर ईईएस नावाची सिस्टिम सुरू झालीये, शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद होते, त्यामुळे पहिल्या वेळी रांगेत वेळ जातो. पहिल्या एअरपोर्टवर उतरून पुढचं विमान पकडायचं असेल तर इमिग्रेशन तिथेच होतं, तासाभराचं कनेक्शन घेऊच नका, अडीच-तीन तास तरी ठेवा. आणि हो, बॅगेत खाऊ नेताना बघा, दूध किंवा मांस असलेले पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये आणायला बंदी आहे.

ट्रेनबद्दल जरा सविस्तर सांगते कारण पहिल्या ट्रिपला सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. दोन प्रकार लक्षात ठेवा. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोसा, जर्मनीची आयसीई या लांबच्या फास्ट गाड्यांचं भाडं विमानासारखं वाढत जातं, दोन-तीन महिने आधी काढलं तर खूप स्वस्त पडतं. रीजनल गाड्यांचं भाडं मात्र ठरलेलं असतं, फ्लॉरेन्स ते पिसा सारखं तिकीट त्याच दिवशी काढलं तरी तेवढंच, उगाच आधीपासून स्वतःला बांधून घेऊ नका. तिकिटं शक्यतो त्या देशाच्या रेल्वेच्या स्वतःच्या ॲपवरूनच काढा. युरेल पास, म्हणजे एकाच पासवर बऱ्याच देशांतल्या गाड्या, तो घेण्याआधी कागदावर हिशोब करा. फ्रान्स, इटली, स्पेनच्या फास्ट गाड्यांना पास असूनही सीटचं रिझर्वेशन वेगळे पैसे भरून करावंच लागतं, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडला बहुतेक गाड्यांना लागत नाही, त्यामुळे तीन मुक्कामांच्या ट्रिपला सुटी तिकिटंच बरी पडतात असा माझा अनुभव. स्विस ट्रॅव्हल पासची गोष्ट वेगळी, त्यात ट्रेन, बस, बोटी आणि शेकडो म्युझियम येतात, रिगी पूर्ण येतं, पिलाटस आणि टिटलिसला निम्मं भाडं, पण युंगफ्राउयोख या बर्फातल्या उंच ठिकाणी जाणाऱ्या गाडीच्या वरच्या टप्प्याला फक्त २५ टक्के सूट आहे, ते धरून मग ठरवा.

स्टेशनांची नावं तिथल्या भाषेत असतात. फ्लॉरेन्स म्हणजे फिरेंझे, म्युनिक म्हणजे म्युन्शेन, व्हिएन्ना म्हणजे वीन. व्हेनिसला मेस्त्रे हे अलीकडच्या जमिनीवरचं स्टेशन आहे आणि कालव्यासमोर उतरायचं असेल तर शेवटचं सांता लुचिया. पॅरिसमध्ये मोठी स्टेशनं सहा-सात आहेत, गार दे ल्यों हे पॅरिसमधलंच स्टेशन आहे, ल्यों शहरातलं नाही, तेव्हा तिकिटावरचं पूर्ण नाव बघून मगच मेट्रो पकडा. काही गाड्या वाटेत दोन भागांत तुटतात आणि पुढे दोन वेगळ्या गावांना जातात, म्हणून डब्यावरचा बोर्ड बघून बसायचं. आम्ही एकदा घाईत मिळेल त्या डब्यात चढलो होतो, शेजारच्या बाईंनी तिकीट बघून वेळेत सांगितलं म्हणून बरं, नाहीतर मुलांना आणि बॅगांना घेऊन भलत्याच गावी पोचलो असतो. तेव्हापासून डब्याचा नंबर बघितल्याशिवाय मी पाय ठेवत नाही.

तिकीट काढलं म्हणजे झालं असं नाही. इटलीत रीजनल गाडीचं कागदी तिकीट प्लॅटफॉर्मजवळच्या मशीनमध्ये टाकून शिक्का मारून घ्यावा लागतो, मोबाइलवर काढलं असेल तर गाडीत बसायच्या आधी त्यावर चेक-इन करावं लागतं. जर्मनीत मेट्रोला गेट नसतात, आत सरळ चालत जाता येतं, पण साध्या कपड्यातले तपासनीस येतात आणि तिकीट नसेल तर ६० युरो दंड, टुरिस्ट आहे सांगून काही उपयोग नाही. नेदरलँड्सला कार्ड टॅप करून चढता तसं उतरतानाही टॅप करायचं. गाडी बदलायची असेल तर जर्मनीत अर्धा-पाऊण तास मधे ठेवा, तिथल्या लांबच्या गाड्या उशिरा धावतात. इटली आणि फ्रान्समध्ये संप बऱ्याचदा आधी जाहीर होतात, निघायच्या आठवड्यात एकदा शोधून बघा.

आणि बॅग! प्रत्येकाला आपापली बॅग स्वतः दोन जिने चढवता आली पाहिजे, हमाल नसतात, जुन्या बिल्डिंगांना लिफ्ट नसते किंवा दोन माणसं कशीबशी मावतील एवढी असते, रस्ते दगडी असतात आणि व्हेनिसला तर पुलांना पायऱ्या आहेत. चार दिवसांचे कपडे आणि मधे एकदा लाँड्री, एवढ्यावर दोन आठवडे व्यवस्थित निघतात. शूज मात्र आधीपासून वापरलेले न्या, रोज सहज दहा-बारा किलोमीटर चालणं होतं.

तिकिटं आधी काढायचीच अशी ठिकाणं मोजकी आहेत. ॲमस्टरडॅमचं ॲन फ्रँक हाउस फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखा उघडतात आणि भराभर संपतात. मिलानचं लास्ट सपर हे लिओनार्दोचं चित्र एका वेळी थोड्याच लोकांना पंधरा मिनिटं बघू देतात. स्पेनमधल्या ग्रानाडाच्या अलाम्ब्रा किल्ल्यात नासरिद महालाची वेळ ठरलेली असते, ती चुकली तर आत सोडत नाहीत. रोमचं कलोझियम नावावर तिकीट देतं, पासपोर्ट जवळ ठेवा. पॅरिसच्या म्युझियमांपैकी लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी बंद, रोमचं व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. लूव्रचं तिकीट जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्यांना ३२ युरो झालंय, तेव्हा दोन तासांसाठी उगाच घाईत उरकू नका. डोंगरांचं मात्र उलट करा, युंगफ्राउयोख ३४५४ मीटरवर आहे, खाली ऊन असताना वर नुसतं धुकं असू शकतं, त्यामुळे तिथे तीन दिवस हाताशी ठेवायचे, रोज सकाळी वेबकॅम बघायचा आणि आभाळ मोकळं दिसलं की निघायचं. मुक्काम कमी ठेवायचा मोठा फायदा हाच आहे.

पैशांचं थोडक्यात. युरो सगळीकडे नाही, स्वित्झर्लंडला फ्रँक, झेक रिपब्लिकला कोरुना, हंगेरीला फोरिंट. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, तरी पन्नास-शंभर युरो रोख आणि थोडी नाणी ठेवा, स्टेशनच्या टॉयलेटला पन्नास सेंट ते एक युरो लागतो. कार्ड मशीन किंवा एटीएम विचारतं की रुपयांत घेऊ की युरोत, कायम युरोच दाबा, रुपयांत घेतलं की त्यांचा महाग रेट लागतो. एटीएम बँकेच्या भिंतीतलं वापरा, टुरिस्ट भागातल्या दुकानांबाहेर एकट्या उभ्या असलेल्या मशीनपासून लांब राहा. हॉटेलात सिटी टॅक्स वेगळा मागतात, तो खरा असतो, फसवणूक नाही.

सिमकार्ड घेताना, युरोपियन युनियनमधल्या एका देशाचं सिम बाकी देशांतही त्याच दरात चालतं, पण स्वित्झर्लंड त्यात धरलेलं नसतं, प्लॅनमध्ये नाव आहे का ते विचारूनच घ्या. प्लगसाठी दोन गोल पिनांचा ॲडॉप्टर लागतो, स्वित्झर्लंड आणि इटलीचे काही सॉकेट वेगळे आहेत, युनिव्हर्सल घेतला तरी पातळ तोंडाचा बघा.

खिसेकापूंबद्दल घाबरवायचं नाही, पण पॅरिस मेट्रो, बार्सिलोनाची रांब्ला, रोमचं तेर्मिनी स्टेशन इथे मोबाइल मागच्या खिशात नको आणि रेस्टॉरंटच्या टेबलावरही नको. सही मागायला कागद घेऊन येणारी मुलं, पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीच्या पायऱ्यांवर मनगटात दोरा बांधायला येणारे, यांना थांबून उत्तर देऊ नका, चालत राहा. पासपोर्ट आणि एक जादाचं कार्ड वेगळ्या ठिकाणी ठेवा, पासपोर्टचे फोटो घरच्या माणसाकडे पाठवून ठेवा. तातडीच्या मदतीला कुठेही ११२ नंबर लावा.

पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका, बहुतेक ठिकाणी नळाचं पाणी पितात, रोमला तर रस्त्यारस्त्यावर वाहते नळ आहेत. जर्मनीत बाटलीमागे २५ सेंट डिपॉझिट असतं, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की परत मिळतं. जर्मनी, ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद, शनिवारीच सामान भरून ठेवा किंवा मोठ्या स्टेशनातलं सुपरमार्केट गाठा. इटलीत दुपारी अडीच ते सात बरीच किचन बंद असतात, स्पेनला रात्रीचं जेवण नऊनंतरच, मुलं बरोबर असतील तर हे फार महत्त्वाचं. आणि फ्रान्समध्ये दुकानात शिरल्याशिरल्या आधी बोंजूर म्हणा मग काय ते विचारा, समोरच्याचं वागणं खरंच बदलतं.

परतीच्या दिवशी व्हॅट रिफंड, म्हणजे खरेदीवर भरलेला टॅक्स परत, घ्यायचा असेल तर खरेदी करतानाच पासपोर्ट दाखवून फॉर्म घेतलेला हवा. फ्रान्समध्ये एका दुकानात १०० युरोच्या वर, इटलीत ७० च्या वर खरेदी लागते, स्पेनला अशी मर्यादा नाही. मंजुरी मिळते ती युरोपियन युनियनमधून बाहेर पडताना, म्हणजे पॅरिसला खरेदी करून ट्रेनने झुरिचला गेलात आणि तिथून विमान पकडलं तर झुरिच एअरपोर्टवर फ्रान्सचं काम होत नाही, ते फ्रान्स सोडतानाच करून घ्यावं लागतं. एअरपोर्टवर कस्टम्सवाले वस्तू दाखवा म्हणू शकतात, त्यामुळे आधी तिकडे जा आणि मगच बॅग चेक-इनला द्या, आणि रांग लांब असते म्हणून नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा.