मागचा बंपर चेपला : बदलावा की दुरुस्त करावा? माझा अनुभव

हिंगणघाटच्या बाजारात कापसाची बैलबंडी मागे सरकली अन् गाडीच्या मागच्या बंपरला ताटाएवढा खड्डा पडला. रंग शाबूत, चीर नाही.

गॅरेजवाला म्हणाला, "भाऊ, नवाच टाकून घ्या." विम्याचा हिशेब केला: झिरो डेप (घसारा न कापणारं जादा विमा कवच) नसल्यानं प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा, वर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्यावर हप्त्यात मिळणारी सूटही जाणार. रबरी सक्शन लावून ओढलं, दर वेळी सुटलं. दिवसभर उन्हात गाडी ठेवली, काही नाही. दोन रविवार गेले, डोकं फिरलं.

शेवटी आधी खालून टॉर्च मारून पाहिलं. कडेची लॉकं अन् ब्रॅकेट तुटलेले असते, किंवा आरपार चीर असती, तर बदललाच असता. आतल्या बाजूला 'पीपी' कोरलेलं दिसलं, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हे गरम झालं की मऊ पडतं.

मग चाकामागच्या प्लास्टिक अस्तराचे स्क्रू काढून हात जाईल एवढी जागा केली. सेन्सरची वायर त्या जागेपासून दूर आहे ना, ते पाहिलं. गंजभर, म्हणजे पातेलंभर, पाणी खळखळ उकळलं. भावानं ते खड्ड्याच्या कडेपासून मधल्या भागाकडे हळूहळू ओतलं, संपूर्ण गंज. ओतणं थांबताच मी जाड हातमोजे घालून आतून कडेकडून दाबत मधात आलो. मधूनच ढकलाल तर कडेला घडी राहते. दुसऱ्या गंजाला 'टप्प' आवाज आला, खड्डा बाहेर. लगेच थंड पाणी मारलं, आकार बसला.

एक बारीक वळ उरला आहे, तिरप्या उन्हातच दिसतो.