वायरलेस सेन्सरच्या कामात नव्याने येताय? आधी करंट मोजायला शिका

कॉलेजचं प्रोजेक्ट असो की पहिली नोकरी, वायरलेस सेन्सरचं काम हाती आलं की चर्चा लगेच झिगबी घ्यायचं की ब्लूटूथ लो एनर्जी (दोन्ही कमी विजेत चालणाऱ्या रेडिओ पद्धती), यावर जाते. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. आपला नोड, म्हणजे सेन्सर, रेडिओ आणि बॅटरी असलेली डबी, झोपेत (काम नसताना) किती करंट खातो, हे आधी कळलं पाहिजे.

दारावरचा साधा सेन्सर घ्या. चौकटीवर रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा), दारावर चुंबक. दार बंद असेपर्यंत स्विचमधून करंट वाहतो, आणि दार बहुतेक वेळ बंदच असतं. पुल-अपला, म्हणजे स्विचची तार बॅटरीच्या व्होल्टेजला जोडून ठेवायला, सवयीने १० किलोओहमचा रेझिस्टर टाकला, तर ३ व्होल्टला सतत ०.३ मिलिअँपिअर जातो. सीआर२०३२ या नाण्यासारख्या सेलची क्षमता साधारण २२५ मिलिअँपिअर-तास. म्हणजे ७५० तास, जेमतेम महिनाभर, तेही रेडिओचा खर्च न धरता. तिथे १ मेगाओहम लावा, करंट ३ मायक्रोअँपिअरवर येतो. फर्मवेअरला (चिपमधल्या कोडला) हातही लावावा लागत नाही. सर्किटमधल्या प्रत्येक रेझिस्टरचा असा हिशेब कागदावर मांडायची सवय लावून घ्या. या कामात तिच्याइतकं उपयोगी मला दुसरं काही वाटत नाही.

मोजतानाही एक अडचण येते. मल्टिमीटर मायक्रोअँपिअर रेंजवर ठेवला की रेडिओ जागा होताच मीटरमध्येच व्होल्टेज पडतं, बोर्ड रीसेट होतं आणि मुलं कोडमध्ये बग शोधत बसतात. त्यापेक्षा १० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घालून त्यावर ऑसिलोस्कोप लावा. ५ मिलिअँपिअरला ५० मिलिव्होल्ट मिळतात, रेडिओ कधी उठला नि कधी झोपला ते स्पष्ट दिसतं. झोपेतला करंट मात्र इतका बारीक असतो की त्यासाठी पॉवर प्रोफायलर (अगदी बारीक करंटही वेळेनुसार नोंदवणारं उपकरण) हवा. लॅबसाठी तो मागून घ्या.

आणखी एक गोष्ट नव्यांना पटत नाही: ऐकणं फुकट नसतं. एनआरएफ५२८३२ सारख्या चिपला डेटा पाठवायला आणि नुसतं ऐकायला जवळपास सारखाच, ५ मिलिअँपिअरच्या आसपास करंट लागतो. म्हणून नोडने रीडिंग पाठवावं, पोच येईपर्यंत काही मिलिसेकंद थांबावं आणि झोपी जावं.

चॅनलचं थोडक्यात सांगतो. वायफाय आणि झिगबी दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात बोलतात, म्हणून आजूबाजूचं वायफाय चॅनल १, ६, ११ वर असेल तर झिगबीसाठी त्यांच्या मोकळ्या फटींतले १५, २०, २५ बघा.

रेंज मात्र टेबलावर तपासू नका. नाशिककडच्या द्राक्षबागेत पानांचा ओलावा मोजणारे नोड ऑक्टोबर छाटणीनंतर लावले, तर मांडव उघडा असतो आणि सगळे नोड छान बोलतात. पुढे कॅनोपी, म्हणजे पानांचं छत, भरते. पानांतलं पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं आणि पॅकेट गळू लागतात, तेही नेमके डावणी या बुरशीजन्य रोगाच्या अंदाजासाठी रीडिंग हवी असतात तेव्हा. बागेसाठी मी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा सुचवेन. कमी पॉवरच्या उपकरणांना तो भारतात परवान्याशिवाय वापरता येतो आणि पानांतून जास्त चांगला जातो. त्याची पाव-तरंग अँटेना सुमारे ८.७ सेंटिमीटर लागते, २.४ ला ३.१ पुरते, तेव्हा डबी निवडायच्या आधीच ही जागा धरून ठेवा.