घाटरस्त्यावर दगडी कमानीची मोरी बांधायची असेल तर

घाटातल्या साइटवर पहिल्यांदा निघालेल्या ज्युनिअरला मी आधी मुंबईच्या फोर्ट भागात पाठवते. तिथल्या जुन्या इमारतींची एखादी अर्धगोल कमान निवडा. ठोकळ्यांमधल्या दरजा मनातल्या मनात खाली वाढवा, सगळ्या एकाच केंद्रात मिळतात. साइटवर त्याच केंद्रात खिळा ठोकून दोरी ताणायची आणि प्रत्येक दगड त्या दोरीवर तपासायचा.

पण दगडाआधी पाणी; मोरी म्हणजे ओढ्याचं पाणी रस्त्याखालून नेणारा छोटा पूलच. सावित्री नदीवरचा महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात कोसळला आणि माणसं वाहून गेली. त्यामुळे ओढा कोरडा असताना गाळा (कमानीच्या दोन पायांमधलं अंतर) ठरवू नका. पुराची खूण झाडांवर, खडकांवर शोधा, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. पाया मुरमावर नको; पक्का कातळ लागेपर्यंत खणा.

3 मीटर गाळ्याच्या अर्धगोल कमानीला साधारण 40 सेंटिमीटर जाडी धरा. दगड काळा बेसाल्ट, ठणठणीत वाजणारा. बद्द आवाज आला की बाजूला काढा. घडाई अनुभवी पाथरवटाकडेच द्या, इथे पैसे वाचवू नयेत.

सेंटरिंग म्हणजे कमान पुरी होईपर्यंत दगड पेलणारा तात्पुरता सांगाडा; त्याखाली लाकडी पाचरी हव्यातच. दगड दोन्ही पायांकडून बरोबरीने चढवत न्यायचे. एक बाजू पुढे गेली तर सेंटरिंग कलतं आणि कमानीचा आकार जातो. कळीचा, म्हणजे माथ्यावरचा मधला दगड शेवटी, घट्ट. कमानीमागचा भरावही दोन्हीकडून सारख्याच थरांनी, आणि पाणी झिरपून जायला भोकं ठेवूनच. किमान 14 दिवसांनी पाचरी हळूहळू सैल करा, मधल्यापासून पायांकडे. एका दिवसात सगळं सेंटरिंग उतरवायची घाई ठेकेदार करतो. मी तेव्हा तिथून हलत नाही.

अमेरिकेतल्या ब्लू रिज पार्कवेवर (काम 1935 पासून) बऱ्याच पुलांची आतली कमान काँक्रीटची आहे, बाहेरून दगड. मोठ्या गाळ्याला मलाही तेच पटतं. फक्त दर्शनी दगड काँक्रीटमध्ये गंज न चढणाऱ्या सळ्यांनी नीट अडकवा आणि तोंडावरचे ठोकळे खऱ्या कमानीसारखेच केंद्राकडे घडवा. नुसत्या पातळ लाद्या चिकटवलेल्या पाहिल्या की मला फार वाईट वाटतं.

पहिल्या पावसात मोरीखाली उतरा. दरजांतून पाणी झिरपतंय तिथे खूण करा, ऑक्टोबरात त्या दरजा खरवडून पुन्हा भरा.