संकरित नेपियरचे परागकोश बघताय? या चुका टाळा

"मॅडम, स्लाइडवर नुसते गोल गोल दाणे दिसताहेत, विभाजन कुठंच नाही."

संकरित नेपियर म्हणजे बाजरी आणि नेपियर गवताच्या संकरातून आलेलं चाऱ्याचं गवत. डिसेंबर उजाडला की त्यावर काम करणाऱ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्यांचं हे गाऱ्हाणं ठरलेलं. मी एकच विचारते, कणीस बाहेर पडलं होतं का? पडलेलंच असतं. कणसावर पिवळे परागकोश लोंबायला लागले म्हणजे आतलं अर्धगुणसूत्री विभाजन (गुणसूत्रं निम्मी करणारं, ज्यातून परागकण होतात ते पेशीविभाजन) कधीच उरकलेलं असतं. ते होतं पोटरीत, कणीस पानाच्या आवरणात दडलेलं असताना. बोटांना फुगीर लागणारी पोटरी घ्या आणि आतले परागकोश बघा. पाणचट, पांढुरके असतील तर आशा आहे. पिवळे असतील तर दुसरी पोटरी शोधा. एका फुलात तीन परागकोश असतात आणि ते साधारण एकाच टप्प्यावर असतात. त्यातला एक चिरडून बघा, हवा तो टप्पा मिळाला तर उरलेले दोन पक्क्या स्लाइडसाठी ठेवा. कणसाच्या एकाच टोकाची फुलं काढून "काही नाही" म्हणू नका, वर-खाली टप्पा बदलतो.

पण आधी पोटरी मिळायला हवी. हे गवत दिवस लहान झाले की फुलोऱ्यावर येतं, आणि शेतकरी त्याच्या आधीच कापतो. सिन्नरच्या वाटेवर एका दूधवाल्या भाऊंनी मला सरळ विचारलं होतं, "मॅडम, म्हैस काय फुलोऱ्याची वाट बघत बसणारे का?" दोन-चार ठोंब राखून ठेवा म्हणून दिवाळीच्या आधीच सांगावं लागतं, आणि त्या ठोंबांना चिंधी बांधावी लागते.

फिक्सिंग, म्हणजे पेशी आहेत त्या अवस्थेत द्रावणात थिजवणं, बांधावरच करा. पोटऱ्या पिशवीत कोंबून, गाडीच्या डिकीत घालून कॉलेजपर्यंत आणल्या की पेशींची रया जाते. तीन भाग ॲब्सोल्यूट अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, त्याच दिवशी मिसळलेलं. पोटरीचं आवरण सोलायला विसरू नका, नाहीतर द्रावण आत पोचत नाही. एक दिवस झाला की 70 टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रीजमध्ये.

इथं नाशिकच्या थंडीची खास गंमत आहे. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड 16.6 अंशांच्या खाली गोठतं. जानेवारीत सकाळी बाटली उघडली की अर्धं दगड, अर्धं पाणी. वरचं पातळ तेवढं ओतून घेतलं की माप चुकतं, कारण ॲसिडात मुरलेलं पाणी त्या पातळ भागातच जास्त साचतं. बाटली कोमट पाण्यात ठेवून पूर्ण वितळू द्या, हलवा, मग मोजा. आणि सॅनिटायझर म्हणजे अल्कोहोल नव्हे. हेही सांगावं लागलंय.

आता खरी मेख. बाजरीत 14 गुणसूत्रं, नेपियरमध्ये 28, संकरात 21. बाजरीचा 7 चा एक संच आणि नेपियरचे दोन. बाजरीच्या 7 जणांची नेपियरच्या एका संचाशी बऱ्यापैकी सोयरीक जुळते, दुसऱ्या संचातले 7 बहुतेक बिनजोडीचे राहतात. मध्यावस्थेत, म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या मधोमध रांगेत येतात तेव्हा, ते रांगेबाहेर भटकतात, पश्चावस्थेत, म्हणजे बाकीची दोन टोकांकडे निघतात तेव्हा, मागे रेंगाळतात, कुठल्याच टोकाला पोचले नाहीत तर विभाजनातून झालेल्या चार पेशींच्या चौकडीत बारीक सूक्ष्मकेंद्रकं (मुख्य केंद्रकाबाहेरचे ठिपके) होऊन उरतात. म्हणून या गवताला बी धरत नाही आणि ते कांडीनं किंवा ठोंबानं लावतात. कोल्चिसीन या रसायनानं गुणसूत्रं दुप्पट करून 42 केली की प्रत्येकाला जोडीदार मिळतो आणि पराग बरेच सुधारतात.

एवढं वाचून गेलेल्या विद्यार्थ्याला मग जिथं तिथं विकृतीच दिसते, आणि इथंच सगळ्यात जास्त चुका होतात. जोडीतली दोन गुणसूत्रं जरा आधी सुटली की ती बिनजोडीची म्हणून मोजली जातात. ती दोन सारखी दिसतात आणि समोरासमोर दोन टोकांकडे निघालेली असतात. खरी एकटी मात्र कुठंही, कशीही पडलेली असतात. शंका असेल तर मध्यावस्थेऐवजी तिच्या आधीच्या पूर्वावस्थेच्या अगदी शेवटी मोजा, तिथं जोड्या स्पष्ट दिसतात. दोन टोकांमध्ये पूल दिसला की लगेच "इन्व्हर्जन" (गुणसूत्राचा तुकडा उलटा बसणं) लिहू नका. सोबत तुटका तुकडा आहे का बघा. नसेल तर गुणसूत्रं नुसती चिकटलेलीही असू शकतात. एका पेशीतून दुसरीत ओघळलेला गुणसूत्रांचा ऐवज दिसला, तर शेजारच्या पेशींकडे बघा. सगळे ओघळ एकाच दिशेला असतील तर तो तुमच्या अंगठ्याचा दाब आहे, निसर्गाचा नव्हे.

कडाक्याची थंडीही विभाजन बिघडवते. थंडीच्या लाटेत काढलेल्या पोटऱ्या आणि लाट ओसरल्यावर काढलेल्या पोटऱ्या वेगळ्या मोजा.

सुंदर फोटो आलेली पेशी मोजायची आणि साधी सोडायची, हेही थांबवा. नजरेच्या टप्प्यात वाचता येईल ती प्रत्येक पेशी वहीत गेली पाहिजे, सरळसोट चाललेलीसुद्धा. परागकणांचंही तसंच. ॲसिटोकार्मिन हा रंग घेऊन लाल झालेला दाणा भरलेला आहे एवढंच कळतं, तो रुजेल असं नाही.

आणि तुलनेला साधी बाजरी हवीच. पण खरिपातली बाजरी डिसेंबरात मिळत नाही. येवल्याकडं पावसाळ्यात पीक पोटरीत आलं की तेव्हाच फिक्स करून फ्रीजमध्ये ठेवा, आणि बाटलीतल्या चिठ्ठीवर पेन्सिलनं लिहा. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. आमच्या फ्रीजमध्ये फिकट निळ्या अल्कोहोलच्या चार बाटल्या आहेत, त्यातली बाजरी कोणती आणि नेपियर कोणतं हे आता कुणालाच सांगता येत नाही.