लाइटमध्ये कविता करायचीय? आधी साइनबोर्डवाल्याकडे जा

रॉबर्ट मॉन्टगोमेरीचं काम बघून मला हे खूळ लागलं. स्कॉटलंडचा माणूस, १९७२ चा जन्म, एडिंबरा कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलाय. जाहिरातीच्या होर्डिंगवर कविता लावतो, लाइटची अक्षरं करून उभी करतो, कधीकधी लाकडी अक्षरं चक्क पेटवून देतो. म्हटलं आपण तर कुसुमाग्रजांच्या नाशकात राहतो, आपल्याला काय अवघड!

आठ ओळींची कविता घेऊन सातपूरला एका साइनबोर्डवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी कागद वाचलाही नाही, डायरेक्ट विचारलं, "किती फूट?" हिशोब ऐकला आणि गपचूप घरी येऊन कापाकापी सुरू केली, पहिल्या रात्रीत सगळी विशेषणं गेली, मग 'स्वप्न' गेलं कारण जोडाक्षर छोट्या साइजमध्ये वळतच नाही, शेवटी उरलं 'पाणी जागं आहे'. एवढं कडक एडिटिंग कुठल्याच वर्कशॉपमध्ये झालं नव्हतं माझं.

नवीन लोकांनी एक लक्षात ठेवा, यूट्यूबवरचे व्हिडिओ बहुतेक इंग्रजी अक्षरांचे असतात, आपली खरी मारामारी शिरोरेषेशी. एलईडी नियॉनची पट्टी (नियॉनसारखी दिसणारी लवचिक एलईडी पट्टी) वळते पण तिला फांदी फुटत नाही, त्यामुळे रेघ वेगळी, दांडा वेगळा, मागून वायर सोल्डर करायची. पट्टी कापायची ती फक्त खुणेवरच, मध्ये कात्री मारली की तेवढा तुकडा गेला. मी शहाणपणा करून शिरोरेषाच उडवली, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "गुजराती शिकतोयस का रे?" आणि बरोबरच होतं की, गुजरातीतही पाणीच!

काचेचं खरं नियॉन हवं असेल तर नियॉन गॅस लाल-केशरीच देतो, निळ्यासाठी आर्गॉन आणि किंचित पारा लागतो. ते काम करणारे आता कमी, एलईडीवरच शिका.

फोटो सूर्य बुडाल्यावर लगेच काढा, एक्स्पोजर कमी करून, नाहीतर अक्षरांचा नुसता पांढरा गोळा येतो. गोदाघाटावर लावायचं तर आधी परवानगी, म्हणून मी पंचवटीत मित्राच्या गच्चीवर लावलं. १२ व्होल्टचा सप्लाय एकाच बाजूने दिला होता, त्यामुळे 'पाणी जागं' झगझगीत आणि 'आहे' मंद. काका फोनवर म्हणाले दोन्ही टोकांना सप्लाय दे. पण तोवर दोघातिघांनी "काय कन्सेप्ट आहे यार" म्हणून टाकलं होतं, मग आठवडाभर तसंच ठेवलं.