"ऑपरेशन नाही हो, नुसतं लेझर केलं होतं"

ऑप्टोमेट्री संपवून नुकतेच बायोमेट्री रूममध्ये (मोतीबिंदूत बसवायच्या लेन्सची पॉवर काढायला डोळा मोजतात ती खोली) बसायला लागलेल्यांसाठी लिहितोय. मला हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी शेवटच्या बाकावर असेन.

नोकरीच्या तिसऱ्याच महिन्यात एक बाई आल्या, वय 46, मोतीबिंदू. डोळ्याचं आधी काही ऑपरेशन? नाही म्हणाल्या. एक्सियल लेंथ (डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी) 26.5 मिमी, के रीडिंग (कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, त्याच्या बाकावरून काढलेली पॉवर; आकडा कमी म्हणजे पडदा सपाट) 38.5. मी नेहमीसारखा एसआरके/टी हा लेन्सची पॉवर काढायचा फॉर्म्युला लावला, 17.5 ची लेन्स आली, दिली पुढे पाठवून. ऑपरेशन छान झालं आणि महिन्याने बघतो तर डोळ्याला +1.50 नंबर, म्हणजे लांबचंही धूसर आणि जवळचं तर विचारूच नका. तेव्हा कुठे त्या म्हणाल्या की 2001 साली लग्नाआधी चष्मा घालवायला "नुसतं लेझर" केलं होतं.

चूक त्यांची नाही, माझा प्रश्न चुकला. आता मी विचारतो, "चष्मा कधी होता का? मग गेला कसा?" आणि खरं तर आकडेच ओरडत होते. 26.5 चा लांब डोळा, चष्मा नाही आणि के 38.5? साधारण डोळ्याचा के 43-44 असतो राव.

आता हे असं का होतं ते बघा. नेहमीचं मशीन कॉर्नियाची फक्त पुढची बाजू मोजतं आणि मागची बाजू 1.3375 हा ठरलेला इंडेक्स धरून गृहीत धरतं. मायनस नंबरच्या लेसिकमध्ये (चष्मा घालवायचं ते लेझर) पुढची बाजू सपाट होते, मागची जवळजवळ तशीच राहते, त्यामुळे ते गणित मोडतं आणि कॉर्नियाची पॉवर आहे त्यापेक्षा जास्त दिसते. वर एसआरके/टी के वरूनच लेन्स डोळ्यात कुठे बसेल ते ठरवतो, के सपाट दिसला की त्याला वाटतं लेन्स पुढे बसणार, म्हणून तो पॉवर अजून कमी करतो. दोन्ही चुका एकाच दिशेला. प्लस नंबरचं लेसिक असेल तर बरोब्बर उलटं, पेशंट मायनसमध्ये जातो.

म्हणून अशा डोळ्याला बॅरेट ट्रू-के किंवा हेगिस-एल हे लेझर झालेल्या डोळ्यांसाठीचे फॉर्म्युले, आणि एकावर भागवायचं नाही, दोन-तीन फॉर्म्युले शेजारी ठेवायचे. के मोजला तसाच टाकायचा, स्वतः वजाबाकी करून नाही. लेझर मायोपिक (मायनस नंबरचं) की हायपरोपिक (प्लस नंबरचं) हे निवडताना घाई नको. जुनी फाइल मिळाली तर सोनं, पण लेसिकनंतरचा नंबर मोतीबिंदू सुरू व्हायच्या आधीचा हवा, नाहीतर मोतीबिंदूने आलेला मायनस त्यात मिसळतो. डोळे कोरडे असतील तर आधी ड्रॉप्स, मग पुन्हा के. टोपोग्राफी (कॉर्नियाच्या चढ-उतारांचा नकाशा) तर हवीच. आरके (चष्मा घालवायला कॉर्नियावर चिरा देण्याचं जुनं ऑपरेशन) झालेला पेशंट आला तर सरळ सीनियरला बोलवा, त्यांचा नंबर सकाळी एक न् संध्याकाळी एक असतो.

आमचे सर टार्गेट मुद्दाम थोडं मायनसमध्ये ठेवतात, -0.50 च्या आसपास, कारण चुकलंच तरी मोबाइल तरी दिसतो. आणि थोडा नंबर राहू शकतो हे पेशंटला ऑपरेशनच्या आधी सांगायचं, नंतर सांगितलं की ते कारण वाटतं.

त्या बाईंच्या दुसऱ्या डोळ्याला ट्रू-के ने 19.5 टाकली, -0.25 वर थांबला. पहिल्या डोळ्याची लेन्स बदलू का विचारलं तर नको म्हणाल्या.