कंपनीच्या शॉकअब्सॉर्बरवर लोअरिंग स्प्रिंग कशा बसवाव्यात

गाडीची उंची कमी करायची, पण शॉकअब्सॉर्बर मात्र मूळचेच ठेवायचे, हा मार्ग स्वस्त आहे आणि मर्यादेत राहिल्यास चालतोही. उंची साधारण 20 ते 30 मिलिमीटर कमी होणार असेल, तर बहुतेक गाड्यांचे सुस्थितीतले शॉकअब्सॉर्बर ती सांभाळून घेतात. 40 मिलिमीटरच्या पुढे मात्र आखूड शॉकअब्सॉर्बरच घ्यावेत.

उंची कमी झाली की शॉकअब्सॉर्बरचा दांडा आधीच आत बसलेला असतो आणि खड्ड्यात चाक वर उचलले जाताना त्याला फिरायला कमी जागा उरते. ती कमतरता भरून काढण्यासाठीच लोअरिंग स्प्रिंग अधिक कडक केलेली असते, पण कडक स्प्रिंग उसळतेही जोराने. स्प्रिंग 25 टक्के कडक झाली आणि शॉकअब्सॉर्बर तोच राहिला, तर झोके शमवण्याचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांनी घटते. नव्या शॉकअब्सॉर्बरला हे झेपते, तेल झिरपू लागलेल्या किंवा बराच वापर झालेल्याला झेपत नाही; तेव्हा जुन्यावर नवी स्प्रिंग चढवून पैसे वाचवण्यात काहीच अर्थ नाही.

काम सुरू करण्यापूर्वी सपाट जागी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. टायरमधली हवा कमी-जास्त असली तरी हे माप बदलत नाही. त्यानंतर शॉकअब्सॉर्बरवरचे रबरी आवरण वर सरकवून दांड्याला एक प्लॅस्टिकचा केबल टाय बांधावा, तो खाली शॉकअब्सॉर्बरच्या नळीला टेकवावा आणि नेहमीच्या रस्त्यांवर, नेहमीच्या ओझ्यासह गाडी चालवावी. दणका बसला की नळी टायला वर ढकलते आणि टाय तिथेच राहतो. गाडी जागेवर उभी असताना टाय आणि वरचा बंप स्टॉप (दांड्याच्या वरच्या टोकाशी असलेला, शेवटचा दणका झेलणारा मऊ ठोकळा) यांच्यात जेवढे अंतर दिसेल, तेवढीच जागा तुमच्या हाती शिल्लक आहे. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेल्या जोडणीत, चाक आणि दांडा जवळपास सारखेच हलतात, म्हणून हे अंतर गाडी जितकी खाली येणार त्याहून कमी असेल, तर रोजच्याच खड्ड्यांत बंप स्टॉपवर आदळणे ठरलेले आहे. उत्पादकाने सांगितले असेल तरच आणि सांगितले असेल तेवढाच बंप स्टॉप कापावा, निमुळते टोक शाबूत ठेवावे. तो काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नये, कारण मग धातूवर धातू आपटतो.

गाडी पक्क्या जॅक स्टँडवर उभी करून चाके काढावीत, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या पकडीतून सोडवावी आणि स्ट्रट बाहेर घ्यावा. स्प्रिंग कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंनी समोरासमोर लावून, आलटून पालटून थोडे थोडे आवळत, स्प्रिंग बैठकीपासून सैल झाल्याशिवाय वरचा मधला नट अजिबात सोडू नये. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये जीव घेण्याइतकी ताकद असते. नव्या स्प्रिंगचे टोक खालच्या बैठकीच्या खाचेत नीट टेकले पाहिजे. तिच्यावरच्या रंगाला ओरखडा पडू देऊ नये, कारण गंज तिथूनच सुरू होतो. जोडणी झाल्यावर चाक हवेत लोंबकळत असताना स्प्रिंग हाताने हलवून पाहावी. ती बैठकीतून निसटत असेल, तर ती जोडी त्या शॉकअब्सॉर्बरसाठी नाहीच.

आता एक गोष्ट बरेच जण विसरतात. कंट्रोल आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशचे बोल्ट चाके हवेत असतानाच पूर्ण आवळले, तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच टॉर्क रेंचने, सेवा पुस्तिकेतल्या मापाने ते आवळावेत.

काही शे किलोमीटर चालवल्यावर स्प्रिंग बसतात. तेव्हा मडगार्डचे माप पुन्हा घ्यावे आणि मगच चाकांचे अलाइनमेंट करावे. कॅम्बर ऋण दिशेला सरकलेला असतो, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कललेला असतो, आणि टो, म्हणजे वरून पाहता चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बिघडलेला असतो. टायरची आतली कड झपाट्याने झिजते ती मुख्यतः टोमुळे. हेडलाइटची दिशाही तपासावी. गाडीच्या पुढच्या भागात रडार किंवा कॅमेरा असेल, तर त्याचे कॅलिब्रेशन करून घ्यावे. त्यानंतर केबल टाय पुन्हा नळीला टेकवून तोच रस्ता चालवावा. टाय बंप स्टॉपपर्यंत पोहोचत असेल किंवा एकाच उंचवट्यावरून गेल्यावर गाडी दोन-तीनदा डोलत असेल, तर आखूड आणि झोके अधिक जोराने शमवणारे शॉकअब्सॉर्बर बसवावेत.